रानातलं विष आणि गावाचं पथ्य

गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये धोत्रा, रुई आणि कण्हेर ही तीन विषारी झाडं आहेत. शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ असते, महादेवाला धोत्र्याचं फळ वाहतात, दारावर लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा टांगतात. सोनं गुंजेच्या बियांनी तोललं जायचं. बांधावर शेर आणि मोगली एरंड, परड्यात कण्हेर, माळावर रुई. आपल्या गावांनी विषारी झाडं हाकलून दिली नाहीत. त्यांना काम दिलं, आणि कामासोबत पथ्यही लावून दिलं. कोणता भाग घ्यायचा, तो कसा हाताळायचा, कोणाच्या हाती द्यायचा नाही, उरलेलं कुठे टाकायचं, हे सगळं त्या पथ्यात यायचं.

आज वापर आपल्यापर्यंत पोचतो आणि पथ्य वाटेतच गळतं. ‘गुडघ्याला रुईचं पान बांधा’ असा निरोप मोबाईलवर फिरतो, पण पान खुडताना निघणाऱ्या चिकाचं बोट डोळ्याला लागू द्यायचं नाही हे त्यात नसतं. रानभाजी महोत्सवातून शेवळांची जुडी शहरातल्या घरी येते, पण ती कशी साफ करायची हे सांगणारी बाई सोबत येत नाही. म्हणून या लेखात वापर आणि पथ्य जोडीनेच सांगतो. कोणते वापर आजही चांगले आहेत, कोणते बंद करायला हवेत, आणि विषबाधा झालीच तर काय करायचं, हेही त्यात आलं.

कोणत्याही विषारी झाडाबद्दल ऐकलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कोणता भाग वापरतात? वापरण्याआधी त्याचं काय करतात? आणि तो कोणापासून दूर ठेवायचा असतो? तिन्हींची उत्तरं देणारा माणूस जाणता समजावा. पहिल्याच उत्तरावर थांबणाऱ्याचं ऐकून हात पुढे करू नये.

कुंपणाला विषारी झाडं

गुरं तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, फांदी खोवली की फुटते. एवढ्या गुणांमुळे शेर, निवडुंग आणि मोगली एरंड कुंपणाला लावले गेले. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर दिसते तीही याच कारणांनी. हा वापर आजही उत्तम आहे. तारेच्या कुंपणाचा खर्च वाचतो आणि माती धरून राहते.

पथ्य छाटणीच्या वेळचं आहे. शेराची फांदी तोडली की दुधासारखा चीक पिचकारीसारखा उडतो. तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि बुबुळाला इजा होते. म्हणून छाटणी करताना वारा पाठीवर घ्या, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि डोळ्यांना साधा का होईना, चष्मा लावा. घाम पुसायचा तर मनगटाने पुसू नका, खांद्यावरच्या स्वच्छ कपड्याने पुसा. कोयता आणि हात साबणाने धुवा, कारण हा चीक नुसत्या पाण्याने जात नाही. छाटलेल्या फांद्या पेटवू नका. त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

कण्हेरीच्या बाबतीत धोका छाटणीनंतर असतो. हिरवी कण्हेर जनावर सहसा खात नाही, पण वाळलेली पानं चाऱ्यात मिसळली तर त्याला ती ओळखू येत नाहीत, आणि वाळल्याने त्यातलं विष जात नाही. हे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. छाटलेला पाला गोठ्याच्या आणि पाण्याच्या हौदाच्या जवळ पडू देऊ नका. गणपती विसर्जनानंतरच्या निर्माल्याचंही तसंच. हार-पत्रीचा ढीग गुरांपुढे टाकायची सवय अनेक घरांत आहे. त्यात कण्हेर, धोत्रा आणि रुई असते. निर्माल्य कंपोस्टच्या खड्ड्यात घालावं आणि वर माती ओढावी.

दुष्काळात जनावरं घाणेरीलाही तोंड लावतात. घाणेरीचा पाला पोटात गेला की यकृत बिघडतं, कावीळ होते, आणि उन्हात कातडी सोलवटून निघते. अंगाच्या पांढऱ्या भागावर फोड दिसले तर जनावर सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

मुलांच्या हाती लागणाऱ्या बिया

कुंपणाच्या मोगली एरंडाला मराठवाडा-विदर्भात चंद्रज्योत म्हणतात. त्याचा देठ मोडून, गवताच्या काडीचा फासा करून, चिकाचे फुगे उडवण्याचा खेळ कोकणातल्या मुलांना ठाऊक असतो. त्याच झाडाच्या बिया सोलल्या की आत पांढरा गर निघतो आणि तो शेंगदाण्यासारखा लागतो. शाळेच्या आवारात खेळणारी मुलं एकमेकांचं बघून या बिया खातात आणि तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अशा बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. शाळेच्या कुंपणाला हे झाड असेल तर ते काढून टाका. शेताच्या बांधावर राहू द्या, शाळेत नको. काढणं जमत नसेल तोवर शिक्षकांनी मुलांना झाडापाशी नेऊन, बी हातात धरून दाखवावं. फळ्यावर सांगितलेलं मूल विसरतं. झाडापाशी सांगितलेलं लक्षात ठेवतं.

पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया मुली खेळायला घेतात. त्यातही हृदयावर परिणाम करणारं विष आहे. खेळ खड्यांनी, चिंचोक्यांनी किंवा सागरगोट्यांनी होऊ शकतो. बिट्टीच्या बिया खेळातून काढून टाका.

गुंजेची गोष्ट वेगळी. 8 गुंजांचा 1 मासा आणि 12 माशांचा 1 तोळा, म्हणजे 96 गुंजांचा एक तोळा. बियांचं वजन बरंच सारखं असतं म्हणून हे माप चाललं. तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा, तेव्हा एक गुंज साधारण 0.12 ग्रॅम भरते. सोनाराच्या हातात गुंज धोक्याची नव्हती, कारण बीचं कवच घट्ट असतं आणि विष आत बंद राहतं. अख्खी बी गिळली गेली तर बहुतेक वेळा ती तशीच बाहेर पडते. बी चावली, फोडली किंवा भोक पाडून माळेत ओवली की मात्र कवच फुटतं आणि आतलं अ‍ॅब्रिन मोकळं होतं. म्हणून गुंजांच्या माळा, बांगड्या, राख्या लहान मुलांच्या अंगावर घालू नका. विड्यात घालतात तो गुंजेचा गोड पाला, बी नव्हे. पाला हवा असेल तर ओळखीच्या पानवाल्याकडून घ्या.

एरंडेल आणि धान्य

वर्षाचे गहू भरताना हातावर एरंडेल घेऊन ते दाण्यांना चोळायची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि किडीला तिथे अंडी घालायला, वाढायला अडचण होते. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं तीव्र विष असूनही हे सुरक्षित का? कारण रिसिन हे प्रथिन आहे. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. शिवाय उष्णतेने ते निकामी होतं. गावात तेल काढताना बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळत आणि वर आलेलं तेल काढून घेत. त्या उकळण्यात दोन्ही कामं होत होती.

पथ्य असं की एरंडीची पेंड जनावराला घालायची नाही. ती शेताला द्यायची. नत्राचं चांगलं खत आहे. पोती भरताना धूळ नाकात जाऊ देऊ नका आणि कुत्री पेंड उकरून खातात म्हणून ती मातीआड करा. गहू दळायला नेण्याआधी उन्हं दाखवून, चाळून घ्या. धान्याला लावायचं तेल घाण्यावरचं स्वच्छ, खाद्य दर्जाचं असावं. वंगणाचं तेल लावू नये.

फवारणीचा दशपर्णी अर्क

विषारी पाल्याचा आजचा सगळ्यात मोठा उपयोग शेतात होतो. दशपर्णी अर्कासाठी कडुलिंबाचा पाला 5 किलो आणि करंज, सीताफळ, एरंड, रुई, लाल कण्हेर, निरगुडी, घाणेरी, पपई, गुळवेल यांचा पाला प्रत्येकी 2 किलो घेतात. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा 2 किलो, लसणाचा ठेचा पाव किलो, शेण 3 किलो आणि गोमूत्र 5 लिटर घालून 200 लिटर पाण्यात महिनाभर आंबवतात. पिंप सावलीत ठेवायचं, तोंडाला गोणपाट बांधायचं, दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळायचं. गाळून घेतलेला 5 ते 6 लिटर अर्क 200 लिटर पाण्यात मिसळून फवारतात. मावा, तुडतुडे आणि लहान अळ्या यांना तो आळा घालतो. कीड फोफावल्यावर फवारण्यापेक्षा आधीपासून ठरावीक अंतराने फवारला तर उपयोग अधिक होतो.

‘सेंद्रिय आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा समज मात्र सोडा. कण्हेर, रुई आणि एरंड यांचा रस त्या पिंपात आहे. पाला कुटताना हातमोजे घाला. फवारताना तोंडावर फडकं आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हे पिंप पुन्हा पाणी किंवा धान्य साठवायला वापरू नका; त्यावर रंगाने मोठ्या अक्षरात ‘विष’ असं लिहून ठेवा. पालेभाजी, काकडी, टोमॅटो यांसारख्या लगेच खायच्या पिकांवर तोडणीच्या आधी आठवडाभर फवारणी थांबवा. चोथा शेतात गाडा, गोठ्याकडे नेऊ नका.

ताटात येणारं विष

पहिल्या पावसाच्या सुमारास ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत शेवळं येतात. आदिवासी बाया शेवळाची जुडी आणि काकडं नावाची मूठभर आंबट फळं एकत्रच विकतात, आणि यातच सारं पथ्य आहे. शेवळात सुरण-अळूसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात. ते घशात टोचले की खाज सुटते, जीभ सुजते. साफ करताना आधी हाताला तेल लावायचं. वरचं तपकिरी आवरण सोलायचं. आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग पूर्ण कापून टाकायचा. राहिलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडांचा आंबट रस घालून मऊ होईपर्यंत शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल घाला. अर्धंकच्चं शेवळ खाऊ नये आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन घासांवर थांबून पाहावं.

कडू कंदांचं पथ्य आणखी कडक. कातकरी, ठाकर, वारली घरांत हे कंद सोलून, चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकळतात आणि मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात. वाहतं पाणी विरघळलेलं विष घेऊन जातं. साठलेल्या पाण्यात ते तिथेच राहतं. कडवटपणा पूर्ण जाईपर्यंत उकळणं-धुणं पुन्हा करतात. हे काम पुस्तक वाचून करू नका. ज्या घरात ते पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे, त्या घरच्या माणसाने केलेलेच कंद खा.

कंद खणताना कळलावीपासून जपा. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची ही वेल. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात. तिचा नांगराच्या फाळासारखा कंद फुलं गळून गेल्यावर खाद्य कंदासारखा वाटू शकतो. त्यात कोल्चिसीन असतं. तेच शुद्ध रूपात, अगदी मोजून, गाउटच्या रुग्णांना औषध म्हणून देतात, आणि त्यासाठी तामिळनाडूत या वेलीची शेतीही होते. पण कंद पोटात गेला तर पहिले काही तास काहीच वाटत नाही, मग उलट्या-जुलाब आणि पुढे एकेक अवयव निकामी होत जातो. सुरुवातीच्या शांत तासांवर विश्वास ठेवू नका. ज्या वेलीची पानं-फुलं आपण पाहिलेली नाहीत, तिचा कंद खणायचा नाही.

बिब्ब्याची गोडंबी लाडवात घालतात. गोडंबी खाण्याजोगी आहे. विष तिच्या भोवतीच्या टरफलातल्या काळ्या तेलात आहे. बिबे फोडायचं काम घरी करू नका, सोललेली गोडंबीच विकत घ्या. तिच्यावर काळा डाग दिसला तर ती बाजूला काढा.

अंगाला लावताना

रुईचं पान तेल लावून तव्यावर किंचित शेकवून दुखऱ्या गुडघ्यावर, टाचेवर बांधतात. हा वापर ठेवायला हरकत नाही, काळजी घेतली तर. पान तोडल्यावर देठ खाली धरून चीक पूर्ण निथळू द्या आणि पान पुसून घ्या. जखमेवर, चिरलेल्या कातडीवर, लहान मुलाला किंवा गरोदर बाईला बांधू नका. आग झाली तर लगेच काढा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वेदना फारशी होत नाही, नजर मात्र धुरकट होते. दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो आणि बुबुळाच्या आतल्या थराला इजा होत राहते. डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

बिब्बा अंगाला लावायचं बंदच करा. परीट कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचं तेल आणि चुना वापरायचे. ती खूण धुतल्याने जात नसे. ज्या तेलाची खूण कपड्यावरून जात नाही, ते कातडीवर काय करत असेल? सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून त्याचं तेल टाचेच्या भेगांना, पाठीला, काही ठिकाणी तर तान्ह्या बाळाच्या पोटाला लावतात. बिब्बा उतला की पाण्याचे फोड येतात, सूज पसरते, काहींना तर नुसता झाडाखालून गेल्याने त्रास होतो. चुकून लागला तर जागा साबण-पाण्याने धुऊन खोबरेल लावा. चेहरा सुजला, फोड पसरले किंवा मूल लहान असेल तर दवाखाना गाठा.

जे आता सोडून द्यावं

धोत्र्याच्या पानांची विडी किंवा धूर दम्यासाठी घेत. त्यातल्या द्रव्यांनी श्वासनलिका सैल होते हे खरं. अ‍ॅट्रोपीनच्या रचनेवरून तयार केलेलं इप्राट्रोपियम आज दम्याच्या पंपातून मिळतं. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या शेतमजुराचा जीवही अ‍ॅट्रोपीनच्या इंजेक्शनने वाचतो. पण पानात, बीत, झाडागणिक आणि ऋतूगणिक हे द्रव्य कमी-जास्त असतं. पंपातला डोस मोजलेला असतो, विडीतला नसतो. तोंड कोरडं पडणं, बाहुल्या विस्फारणं, अंग तापणं, बरळणं ही धोत्र्याची लक्षणं. प्रसादात किंवा थंडाईत धोत्र्याची बी घालणं हा तर जिवाशी खेळ आहे.

रामेठ्याची साल किंवा गेळफळं ठेचून डोहात टाकायची आणि तरंगलेले मासे वेचायचे, ही सह्याद्रीतली जुनी रीत. पाणी कमी, माणसं थोडी आणि वर्षातला एखादा दिवस असताना ती खपून गेली. आज उन्हाळ्यात उरलेले डोह हीच माशांची पुढच्या पावसापर्यंतची शिदोरी आहे. विषाने पिल्लं, खेकडे, बेडूक सगळेच मरतात. पाण्यात विष टाकून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानेही गुन्हा ठरवलं आहे.

बाळंतपण सुलभ व्हावं म्हणून कळलावीचा कंद वापरणं, कोकणातल्या काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बिया घरी ‘शुद्ध’ करून खाणं, लहान मुलाला कडुलिंबाचं तेल पाजणं हेही बंद व्हायला हवं. आयुर्वेद या वनस्पती वापरतो, पण शोधन करून आणि वैद्याच्या देखरेखीखाली. 1945 च्या औषध नियमांत विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची वेगळी यादीच आहे. त्यात भल्लातक, धत्तूर, गुंजा, करवीर, लांगली, अर्क, स्नुही, विषमुष्टी ही नावं आहेत, म्हणजे आपल्याच बांधावरचे बिब्बा, धोत्रा, गुंज, कण्हेर, कळलावी, रुई, निवडुंग आणि कुचला. अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावा लागतो. तो नसलेली पुडी घेऊ नका.

विषबाधा झाली तर

1. तोंडात उरलेलं बाहेर काढा आणि चूळ भरायला लावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर निजवा.
2. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, तूप, दूध, लिंबू असे उतारे देण्यात वेळ घालवू नका.
3. कातडीवर चीक असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. डोळ्यात असेल तर वाहत्या पाण्याने.
4. 108 वर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे. डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो.
5. खाल्लेल्या झाडाची फांदी, पान, बी किंवा फळ पिशवीत घालून सोबत न्या. किती वाजता आणि साधारण किती खाल्लं तेही सांगा. यावरून उपचाराची दिशा ठरते.
6. कण्हेर, बिट्टी किंवा कळलावी पोटात गेली असेल तर त्रास दिसत नसला तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहा. डॉक्टर सोडेपर्यंत घरी येऊ नका.

हे ज्ञान टिकवायचं तर ते माणसांकडून घ्यावं लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या दोन-चार जाणत्या बायका, एखादा गुराखी, एखादा वैदू यांना शाळेत बोलवा. मुलांना त्यांच्यासोबत बांधावर न्या. झाडाचं स्थानिक नाव, वापरायचा भाग, त्याची प्रक्रिया आणि त्याचं पथ्य अशा चार रकान्यांची वही करा, प्रत्येक झाडाचा फोटो चिकटवा, आणि ज्या वापरापुढे चौथा रकाना रिकामा राहील त्यावर लाल फुली मारा. ही वही शाळेत, ग्रामपंचायतीत आणि आशाताईंकडे एकेक ठेवा. मानाचा वाटा ज्यांच्याकडून शिकलात त्यांना द्या: वहीवर त्यांची नावं, त्यांच्या संमतीने, पहिल्या पानावर लिहा.